छापील नकाशासाठी व्हेक्टर सॉफ्टवेअर: निवड उलट्या टोकाकडून करा

माझा पहिला छापील नकाशा पडद्यावर फार देखणा दिसत होता. डोंगराच्या समोच्चरेषा केसासारख्या बारीक, तपकिरी, एकसलग. छापून हातात आला आणि त्याच रेषा भिंगाखाली धरल्या, तर रेषा नव्हत्याच. गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे चालले होते. छापणाऱ्याची यात काही चूक नव्हती. तपकिरी रंग मी सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार छपाईशायांच्या मिश्रणातून बनवला होता. १५० लाइनच्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० रांगा असलेल्या जाळीवर, शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर असतं, आणि माझी रेषा होती ०.१४ मिलिमीटरची. जाळीच्या एका घरापेक्षाही बारीक रेषा त्या जाळीतून सलग उतरणार कशी?

तपकिरीचीच तयार शाई आणि तिची वेगळी प्लेट, म्हणजे स्पॉट कलर, वापरला असता तर ती रेषा ठिपक्यांविना भरीव छापली गेली असती. पण माझ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरला, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषा आणि आकारांनी चित्र काढणाऱ्या साधनाला, स्पॉट कलर ठाऊकच नव्हता. मी ते निवडलं होतं त्याची पेन टूल आवडली म्हणून. तेव्हापासून मी निवड शेवटच्या टोकाकडून करतो: आधी छापखाना, मग कागद, मग माहिती कुठून येणार ते, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: छापणाऱ्याला आधी विचारा

फोन करायला लाजू नका. छपाई ऑफसेटवर होणार की डिजिटल यंत्रावर? सीएमवायकेखेरीज जादा शाई, म्हणजे पाचवी प्लेट, मिळेल का? पीडीएफ कोणत्या प्रकारची हवी? रंगांसाठी कोणतं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या शाई-कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल, वापरायचं? आणि ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर जादा छापायची पट्टी, किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ३ मिलिमीटर असतं.

पीडीएफच्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. पीडीएफ/एक्स-१ए या प्रकारात फक्त सीएमवायके आणि स्पॉट रंग चालतात, पारदर्शकता अजिबात चालत नाही. म्हणजे डोंगरउतारांची छटा जंगलाच्या हिरव्यावर मल्टिप्लाय करून, म्हणजे खालचा रंग दिसत राहील अशी मिसळून, टाकली असेल, तर ती आधी सपाट करून घ्यावी लागते. पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता तशीच राहू शकते. ज्या छापखान्याला अजून जुनाच प्रकार लागतो, तिथे पारदर्शकतेवर उभा केलेला नकाशा नेऊ नये.

मोजक्या प्रतींचं काम डिजिटल यंत्रावर होणार असेल तर स्पॉट कलरचा प्रश्न बहुतेक वेळा निकालात निघतो, कारण तिथे जादा प्लेट नसतेच. अशा वेळी समोच्चरेषा थोड्या जाड ठेवा आणि तपकिरी रंग कमीत कमी शायांतून बनवा. चार शायांची रेषा म्हणजे चार रेषा एकमेकींवर तंतोतंत बसण्याची अपेक्षा. दोन शायांत भागलं तर तेवढी जोखीम कमी.

ओव्हरप्रिंटही इथेच समजून घ्या. हिरव्या जंगलावर काळं नाव छापताना साधारणपणे खालच्या हिरव्यात अक्षराच्या आकाराचं भोक पाडलं जातं आणि त्यात काळी शाई भरली जाते. कागद किंचित सरकला की अक्षराभोवती पांढरी किनार दिसते. ओव्हरप्रिंट केलं की भोक न पाडता काळी शाई थेट हिरव्यावर बसते. नकाशावर शेकडो बारीक नावं आणि हजारो रेषा असतात, त्यामुळे ही सोय नसलेलं सॉफ्टवेअर ऑफसेटच्या कामाला मी शेवटचा पर्याय मानतो.

पायरी २: कागद आणि प्रमाण यांचा हिशेब

समजा २० किलोमीटर बाय १४ किलोमीटरचा प्रदेश १:२५,००० या प्रमाणात दाखवायचा आहे. कागदावर तो ८० बाय ५६ सेंटिमीटर होतो. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा. म्हणजे नकाशा मावतो, पण सूचीसाठी कडेला जेमतेम पट्टी उरते. हा हिशेब सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर करायचा.

दुसरा हिशेब ०.१ मिलिमीटरचा. छापील रेषेची व्यवहारातली ही तळाची मर्यादा समजा. १:२५,००० वर ०.१ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. त्याहून जवळजवळ असलेले नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाहीत, पण फाइल मात्र फुगवतील. नदीच्या एका वळणावर चारशे नोड घेऊन चित्रकलेच्या सॉफ्टवेअरात शिरलात तर कोणतंही सॉफ्टवेअर धापा टाकणारच. मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात. आधी रेषा सोप्या करा. क्यूजीआयएस या फुकट जीआयएस सॉफ्टवेअरात (जीआयएस म्हणजे जमिनीवरच्या जागांशी जोडलेली माहिती हाताळणारी साधनं) सिम्प्लिफाय आहे. मॅपशेपर हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं आणि शेजारशेजारच्या प्रदेशांची सामाईक सीमा न फाटता सोपी करतं.

उंचीची माहिती एसआरटीएमसारख्या (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या) ३० मीटरच्या जाळीतून घेतली असेल, तर १:२५,००० वर जाळीचं एक घर कागदावर १.२ मिलिमीटरचं होतं. त्यातून थेट काढलेल्या समोच्चरेषा दातेरी येतात. जाळी आधी थोडी गुळगुळीत करा आणि मग रेषा काढा. उलट क्रमाने केलं, तर व्हेक्टरमध्ये नोड सरकवत आठवडा जाईल.

पायरी ३: जीआयएसमध्ये किती, बाहेर किती

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. इलस्ट्रेटर, इंकस्केप, अ‍ॅफिनिटी यांना अक्षांश-रेखांश कळत नाहीत, प्रक्षेपण कळत नाही. त्यांच्या लेखी नदी ही एक निळी वक्ररेषा. एकदा फाइल त्यांच्यात गेली की जमिनीशी नातं तुटलं. त्यामुळे प्रक्षेपण, प्रमाण, जाळीच्या रेषा, समोच्चरेषा आणि वर्गवारीनुसार रस्ते हे सगळं जीआयएसमध्येच पक्कं करून घ्यायचं.

मग बाहेर जायचंच कशाला? कधी कधी खरंच जायची गरज नसते. क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमधून सूची, प्रमाणपट्टी आणि चौकट यांसह नीटनेटकी पीडीएफ निघते. दरवर्षी नव्या आकडेवारीवर पुन्हा छापायचा नकाशा असेल, तर शक्य तेवढं आतच ठेवा. बाहेर हाताने केलेली प्रत्येक सुधारणा पुढच्या वर्षी पुन्हा हातानेच करावी लागते. याउलट नकाशा एकदाच होणार असेल, भिंतीवर लागणार असेल, नावं गर्दीतून वाट काढत बसवायची असतील, कड्यांवर दगडांची रेखाटनं हवी असतील, तर चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला पर्याय नाही. नकाशा किती वेळा सुधारावा लागणार, याचं उत्तर मला कुठल्याही सोयींच्या यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पायरी ४: उमेदवार

*इलस्ट्रेटर.* १९८७ पासून चालत आलेलं. सीएमवायके, स्पॉट कलर, ओव्हरप्रिंट, प्लेटनिहाय पूर्वदृश्य, सगळं आत आहे. नकाशावाल्यांना ते आवडतं त्याचं एक खास कारण म्हणजे अपिअरन्स पॅनेल. कडा असलेला रस्ता म्हणजे खाली जाड काळी रेषा आणि वर बारीक पिवळी. ही जोडी प्रत्येक रस्त्याला वेगवेगळी दिली तर चौकात एका रस्त्याची काळी कड दुसऱ्याच्या पिवळ्यावरून आडवी जाते. इलस्ट्रेटरमध्ये ती जोडी पूर्ण लेयरला देता येते. मग सगळ्या काळ्या रेषा खाली, सगळ्या पिवळ्या वर, आणि चौक आपोआप मोकळा. एमएपब्लिशर नावाचं स्वतंत्र विकत घ्यायचं प्लग-इन जोडलं तर इलस्ट्रेटरच्या आतच जमिनीचे निर्देशांक आणि प्रत्येक वस्तूची माहिती टिकते. उणी बाजू सरळ आहे: वर्गणी. ती थांबली की सॉफ्टवेअर थांबलं, आणि पाच वर्षांनी पुनर्मुद्रणासाठी तीच फाइल उघडायची तर पुन्हा वर्गणी भरा.

*इंकस्केप.* २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून फुटून निघालेलं, फुकट, मुक्त. त्याचं मूळ स्वरूप एसव्हीजी, म्हणजे साधा मजकूर. वेळ पडली तर मजकूर-संपादकात उघडून एका फटक्यात सगळे निळे बदलता येतात. देवनागरीही नीट बसते. अडचण रंगांत आहे. एसव्हीजी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात, विचार करतं, आणि इंकस्केपमधून निघणारी पीडीएफही आरजीबीच. छापखान्यात रूपांतर झालं की तुमचं काळं नाव चार शायांचं काळं होतं, आणि बारीक अक्षरांची कड लगेच धूसर होते.

यावर वाट आहे, जरा लांबची. रंग मोजके ठेवा, बारा-पंधरा पुरतात. अक्षरं पाथमध्ये बदलून घ्या आणि एसव्हीजी स्क्रायबस या फुकट पानमांडणीच्या सॉफ्टवेअरात आणा. तिथे प्रत्येक रंग एकेक करून सीएमवायके किंवा स्पॉट म्हणून ठरवा, काळ्याला शंभर टक्के काळी शाई द्या, ओव्हरप्रिंट लावा आणि पीडीएफ/एक्स काढा. मी असे नकाशे छापले आहेत. रंग मोजके असतील तर तासाभराचं काम. ग्रेडियंट, धूसर छाया आणि फिल्टर यांच्या मोहात पडला असाल तर मात्र दिवस जातो, कारण फिल्टर पीडीएफमध्ये जाताना चित्र बनून जातात. कडा असलेल्या रस्त्यांसाठी इंकस्केपमध्ये एकाच वस्तूला दोन रेषा देता येत नाहीत. रस्त्यांची प्रत करून एक लेयर जाड कडेचा आणि त्यावर दुसरा बारीक भरावाचा ठेवायचा. रस्ता सरकवायचा झाला की दोन्हीकडे सरकवा. कटकट आहे, पण सवय होते.

*अ‍ॅफिनिटी.* अ‍ॅफिनिटी डिझायनर २०१४ मध्ये आलं. २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी कॅनव्हाने घेतली आणि २०२५ च्या अखेरीस अ‍ॅफिनिटी फुकट झालं. सीएमवायके आहे, ग्लोबल रंगाला (एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलणाऱ्या) स्पॉट आणि ओव्हरप्रिंट अशी खूण करता येते, जड फाइलवरही हात चपळ चालतो. दोन गोष्टींवर नजर ठेवा. काही परिणाम पीडीएफ काढताना नकळत चित्रात बदलतात. आणि जोडाक्षरांचं दुखणं तिथे अनेक वर्षं रेंगाळलेलं आहे, तेव्हा पाचव्या पायरीतली चाचणी केल्याशिवाय देवनागरी नकाशासाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

*कोरलड्रॉ.* छपाईच्या धंद्यात मुरलेलं. स्पॉट आणि ओव्हरप्रिंटची सोय पक्की. तुमचा छापखाना ते वापरत असेल आणि तुम्हालाही येत असेल, तर बदलायचं कारण नाही.

*ओकॅड आणि ओपनओरिएंटियरिंग मॅपर.* ही खास नकाशासाठीच बनवलेली. ओकॅड विकत, मॅपर मुक्त. दोन्ही ओरिएंटियरिंग या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राने वाट शोधत धावण्याच्या, खेळाच्या नकाशांतून वाढली. त्या नकाशांचे आंतरराष्ट्रीय नियम काटेकोर असतात: १:१५,००० प्रमाण, साधी समोच्चरेषा ०.१४ मिलिमीटर, ठळक समोच्चरेषा ०.२५. इथे प्रत्येक रेषा एका चिन्हाची असते आणि चिन्ह बदललं की नकाशाभर बदलतं. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे वर-खाली काय छापायचं ते वस्तूंच्या क्रमावर ठरत नाही, रंगांच्या तक्त्यावर ठरतं. त्यामुळे रस्त्यांचे चौक आपसूक जुळतात, निळी नदी काळ्या पुलाखालून आपसूक जाते. जमिनीचे निर्देशांकही टिकतात. पायवाटा, किल्ले, वनक्षेत्र असा मोठ्या प्रमाणावरचा तपशीलवार नकाशा करायचा असेल तर मी आधी हेच उघडतो. सजावटी शीर्षक किंवा कलात्मक मांडणी मात्र इथे करू नये. त्यासाठी दुसरीकडे जा.

फ्रीहँड या जुन्या व्हेक्टर सॉफ्टवेअरची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. एके काळी कित्येक नकाशाकार त्यावर जीव टाकायचे. २००५ मध्ये ते बनवणारी मॅक्रोमीडिया ही कंपनी इलस्ट्रेटरवाल्या अडोबीने घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबला. त्या फाइली ज्यांच्याकडे होत्या त्यांना पुढे त्या उघडणंच अवघड होऊन बसलं. उमेदवार कोणताही असो, तो तुमचं काम एसव्हीजी आणि पीडीएफ या खुल्या स्वरूपांत लेयरसकट बाहेर देतो का, हे पाहून घ्या.

पायरी ५: तळहाताएवढा तुकडा

पूर्ण नकाशा करून सॉफ्टवेअर पारखू नका. तुमच्याच प्रदेशातला सगळ्यात गर्दीचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या: उतारावर समोच्चरेषा दाटलेल्या, त्यातून वाट जाते, नदी वळते, तिठा आहे, चार-पाच नावं आहेत. हा तुकडा दोन किंवा तीन उमेदवारांत पूर्ण करा. प्रत्येकाला एक संध्याकाळ द्या, त्याहून जास्त नको.

आधी देवनागरी लिहून पाहा. माझे चार शब्द ठरलेले आहेत: दऱ्या, पर्वत, क्षितिज, त्रिज्या. ‘दऱ्या’त अर्ध्या र ची चंद्रकोर, ‘पर्वत’मध्ये रफार, ‘क्षितिज’मध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते का, ‘त्रिज्या’त दोन जोडाक्षरं. चौघांपैकी एक जरी मोडला तरी ते सॉफ्टवेअर बाद. इलस्ट्रेटरमध्ये मोडले तर घाबरू नका. प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय सुरू करा आणि परिच्छेदाच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर निवडा, अक्षरं जागेवर येतात.

आता तीच नावं नदीच्या वक्ररेषेवर बसवा. इथे देवनागरी नकाशाचा एक खास पेच उभा राहतो. रोमन लिपीत डोंगररांगेचं नाव अक्षरांमध्ये मोठी मोकळी जागा सोडून लांबवर पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. पसरवायचंच असेल तर अक्षरांऐवजी शब्दांमध्ये जागा सोडा, किंवा अक्षर मोठं आणि फिकट करा. तीव्र वळणावरही शिरोरेषा करवतीसारखी दिसते, म्हणून नावासाठी नदीचीच रेषा घेऊ नका. तिच्या शेजारून वेगळी, संथ वक्ररेषा काढा. आणि रोमनमध्ये चालणारा ६ पॉइंटचा आकार देवनागरीला कमी पडतो, कारण वर-खालच्या मात्रा त्यातच मावायच्या असतात. मी साडेसातच्या खाली जात नाही.

मग रोजच्या कामाच्या गोष्टी. एका पायवाटेवर क्लिक करून सगळ्या पायवाटा एकदम निवडता येतात का? तपकिरी रंग एका ठिकाणी बदलला तर सगळीकडे बदलतो का? देवळाचं चिन्ह बदललं तर सगळी देवळं बदलतात का? या तिन्ही सोयी कुठल्या ना कुठल्या नावाने बहुतेकांत असतात, पण त्या किती क्लिकवर आहेत ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या आठवड्यात हीच कामं शंभरदा करायची असतात.

शेवटी तुकड्याची पीडीएफ काढा आणि प्लेटा वेगळ्या करून बघा. अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ते दिसतं; फुकटात करायचं तर घोस्टस्क्रिप्टचं टिफसेप प्रत्येक शाईचं वेगळं चित्र काढून देतं. काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर दिसली पाहिजेत. तपकिरीसाठी वेगळी प्लेट मागितली असेल, तर समोच्चरेषा फक्त तिच्यावर.

पायरी ६: नेआण

क्यूजीआयएसमधून एसव्हीजी काढताना लेयर वेगवेगळ्या गटांत राहतील आणि अक्षरं अक्षरंच राहतील, असे दोन्ही पर्याय निवडा. एखाद्या लेयरला पारदर्शकता किंवा मिश्रणाचा परिणाम दिला असेल तर तो लेयर चित्र बनून बाहेर येतो. असे परिणाम तिथे बंद ठेवा आणि पुढच्या सॉफ्टवेअरात द्या. पीडीएफ इलस्ट्रेटरमध्ये उघडली तर क्लिपिंग मास्कची, म्हणजे चित्राचा काही भाग झाकणाऱ्या अदृश्य चौकटींची, जळमटं दिसतील. ती आधी साफ करा, मग लेयरना नावं द्या.

डोंगरउतारांची छटा हे एकच खरं चित्र, ते वेगळं काढा. ए१ आकाराला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ते ७,०१६ बाय ९,९३३ पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळजवळ सात कोटी पिक्सेल. ग्रेस्केलमध्ये ठेवा, फाइलमध्ये कोंबू नका, दुवा देऊन जोडा.

आणि निर्यातीच्या वेळी नकाशाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवा. इंकस्केपचा पिक्सेल इंचाला ९६. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीआधी तो ९० होता. दुसरी सॉफ्टवेअरं इंचाला ७२ मोजतात. एकक न लिहिलेली एसव्हीजी इकडून तिकडे गेली की १०० मिलिमीटरचे ७५ किंवा १३३ होतात, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही, कारण सगळा नकाशाच त्या मापाने बदललेला असतो. प्रत्येक नेआणीनंतर ती रेषा मोजा. एकदा माझी प्रमाणपट्टी वेगळ्या फाइलीतून आली होती आणि नकाशा वेगळ्या. पट्टी बरोबर होती, नकाशा लहान झाला होता. नमुनाप्रतीवर फूटपट्टी ठेवून पाहिली म्हणून वाचलो.

पायरी ७: छापायला देण्याआधी

नमुना पडद्यावर मंजूर करू नका. खऱ्या आकारात कागदावर मागा, निदान त्या १० सेंटिमीटरच्या तुकड्याचा तरी. भिंग घेऊन समोच्चरेषा बघा, हिरव्यावरच्या काळ्या अक्षरांच्या कडा बघा, ती १०० मिलिमीटरची रेषा फूटपट्टीने मोजा आणि मगच काढून टाका. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची माहिती वापरली असेल तर तिच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख चौकटीत आला आहे का तेही बघा. परवान्याची ती अट आहे. नॅचरल अर्थ या जगाच्या नकाशासंचाची माहिती सार्वजनिक मालकीची, तिथे सक्ती नाही.

नकाशा छापून आला की एका फोल्डरात पाच गोष्टी ठेवा: क्यूजीआयएसचा प्रकल्प माहितीसकट, चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, अक्षरं न मोडलेली एसव्हीजी, छापखान्याला दिलेली पीडीएफ आणि वापरलेले फॉन्ट. सोबत एक साधी मजकूर फाइल, ज्यात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, आयसीसी प्रोफाइलचं नाव आणि तपकिरी शाईचा क्रमांक.